चारशे कोटींतला एक

जगाची लोकसंख्या ८०० कोटींच्या वर गेली आहे. त्यातली निम्मी माणसं एका रांगेत उभी केली आणि प्रत्येकाकडे फक्त एक सेकंद पाहायचं ठरवलं, तर झोप-जेवण सोडूनही सगळी रांग बघायला १२६ वर्षांहून जास्त काळ लागेल. मुलं आणि म्हातारी माणसं वगळा, तरी काही दशकं जातील.

जोडीदार मात्र भेटतो तो जवळच. १९३१ साली फिलाडेल्फियात लग्नाच्या परवान्यासाठी आलेले ५,००० अर्ज जेम्स बॉसार्ड या समाजशास्त्रज्ञाने तपासले. शहराची वस्ती साडेएकोणीस लाख. अर्जांवरचे पत्ते नकाशावर पाहिले, तेव्हा दर तीनांतलं एक जोडपं एकमेकांपासून पाच ब्लॉकच्या आत राहणारं निघालं. वीस ब्लॉकच्या आत निम्म्याहून जास्त.

१९६६ साली प्रसिद्ध झालेला मिनेसोटा विद्यापीठातला प्रयोग तर आकड्यांच्या बाबतीत विलक्षणच. नवे विद्यार्थी ३७६ आणि विद्यार्थिनीही ३७६. नाचाच्या कार्यक्रमाचं तिकीट काढताना त्यांना सांगितलं होतं, तुमची जोडी कॉम्प्युटर जुळवेल. प्रत्यक्षात संशोधकांनी जोड्या सरमिसळ लावल्या. मुलगा मुलीपेक्षा बुटका नको, एवढंच पथ्य पाळलं. उंचीची ही अट सोडली, तर या सगळ्यांच्या जोड्या किती प्रकारे लागू शकतात? उत्तर ८०७ अंकी येतं. दृश्य विश्वातल्या अणूंची अंदाजे संख्या जेमतेम ऐंशी अंकी आहे! बुद्धिमत्तेच्या, स्वभावाच्या चाचण्यांचे गुण संशोधकांच्या हाताशी होते. पण मध्यंतरात विचारलं तेव्हा पसंती ठरवणारी एकच गोष्ट दिसली, समोरच्याचं रूप.

पहिल्या संध्याकाळी दुसरं काय दिसणार? ओळखीला वेळ लागतो, आणि तोही मोजला गेला आहे. कॅन्सस विद्यापीठातल्या जेफ्री हॉल यांच्या अभ्यासानुसार साधी मैत्री व्हायला सुमारे ५० तास लागतात, जिवलग मैत्रीला २०० हून जास्त. म्हणजे शंभरच माणसांना असं ओळखायचं, तर रोज आठ तास देऊनही जवळपास सात वर्षं जातील. एका पाहणीनुसार अमेरिकेत २०१७ साली भेटलेल्या स्त्री-पुरुष जोडप्यांपैकी ३९ टक्के ऑनलाइन भेटलेली होती. इंटरनेटने रांग लांबवली खरी, दिवसाचे तास वाढवले नाहीत.

म्हणूनच मला २०२१ चा कॅनडातला अभ्यास सर्वांत मोलाचा वाटतो. डॅनू स्टिन्सन आणि सहकाऱ्यांनी सुमारे १,९०० जणांची माहिती तपासली. त्यांतल्या दोन तृतीयांश लोकांचं नातं आधी मैत्रीचं होतं. विद्यार्थ्यांमध्ये ही मैत्री प्रेमात बदलायला सरासरी २२ महिने लागले होते, आणि बहुतेकांच्या मनात सुरुवातीला तसं काही नव्हतंही.

याच संशोधकांनी प्रेम कसं जमतं यावरचे जुने अभ्यासही चाळले. जवळपास ७५ टक्के अभ्यास अनोळखी माणसांमधल्या पहिल्या आकर्षणाचे होते. मैत्रीतून फुलणाऱ्या प्रेमावरचे अवघे ८ टक्के.