गळ टाकायचा तर इंजिन कुठलं?

बजाजनगरात इंजिनावर मत नसलेला माणूस शोधून दाखवा. 5 नोव्हेंबर 1985 रोजी राष्ट्रपती ग्यानी झैलसिंग यांनी वाळूजच्या बजाज प्रकल्पाचं उद्घाटन केलं. कारखाना उभा राहिला होता अवघ्या 16 महिन्यांत. तेव्हापासून या वस्तीत पिस्टन, टॉर्क आणि गॅस्केट यांवर चहाच्या टपरीवरही तज्ज्ञांची बैठक भरू शकते. समुद्र इथून शेकडो किलोमीटर लांब, पण पैठणचा नाथसागर गाडीने तासा-सव्वा तासावर. पाण्यात रोहू, कटला, मरळ, वाम. मग कुणीतरी म्हणतोच, ‘आपली एक होडी असती तर?’ आणि होडी राहते बाजूला, भांडण लागतं इंजिनावरून: पेट्रोल घ्यायचं की डिझेल?

निकाल आधीच सांगून टाकतो. हौसेच्या होडीला पेट्रोल, पोटापाण्याच्या होडीला डिझेल. कारणं मात्र निकालापेक्षा मजेदार आहेत.

30 लिटर विरुद्ध 2500 लिटर

पेट्रोल किती तापट आहे ते 1934 च्या पेट्रोलियम कायद्याला विचारा. विक्रीसाठी नसेल तर परवान्याशिवाय पेट्रोल ठेवता येतं फक्त 30 लिटर. डिझेल? 2500 लिटर! अट एवढीच, की कुठलीही एक टाकी 1000 लिटरपेक्षा मोठी नको. कारण साधं आहे. पेट्रोलची वाफ शून्याखाली 40 अंशांच्या थंडीतही पेट घेऊ शकते. डिझेलवर मात्र ते चांगलं तापल्याशिवाय पेट घेण्याजोगी वाफच जमत नाही.

त्यातून पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड. रस्त्यावर गळती झाली तर ती वाऱ्यावर पांगते. होडी पडली चारी बाजूंनी बंद. वाफ थेट बुडात उतरते आणि ठिणगीची वाट बघत बसते. म्हणून पोटात पेट्रोल इंजिन असलेली होडी सुरू करण्याआधी चार मिनिटं पंखा लावून ती वाफ बाहेर काढा, असं अमेरिकेत बजावून सांगतात. चार मिनिटं! आपल्याकडे सिग्नलला चार सेकंद दम निघत नाही.

यावरचा सोपा तोडगा म्हणजे आउटबोर्ड. इंजिन होडीच्या मागच्या फळीला बाहेरून लटकवायचं, म्हणजे त्याची वाफ बाहेरच्या बाहेर जाते. टाकीकडे मात्र लक्ष ठेवावंच लागतं.

एकाने थाप मारली, दुसरा बोटीवरूनच गायब झाला

1886 साली गॉटलीब डायम्लरने आपलं पेट्रोल इंजिन ‘नेकर’ नावाच्या होडीत बसवलं. इंजिन फुटेल या भीतीने गिऱ्हाईक जवळ येईना. सांगतात की डायम्लरने ते चिनी मातीच्या आवरणाखाली झाकलं आणि ‘हे तेल-विजेवर चालतं’ अशी थाप ठोकून दिली.

रुडॉल्फ डिझेलची गोष्ट याहून चमत्कारिक. त्याचं इंजिन 1897 मध्ये यशस्वी झालं. 1900 च्या पॅरिस प्रदर्शनात एक डिझेल इंजिन चक्क शेंगदाणा तेलावर चालवून दाखवलं गेलं. आपल्या घाणेवाल्यांनी ही बातमी फ्रेम करून लावायला हरकत नाही. पुढे 29 सप्टेंबर 1913 च्या रात्री ‘ड्रेस्डेन’ या आगबोटीने इंग्लंडला जाताना डिझेलसाहेब बोटीवरून नाहीसे झाले. आत्महत्या, अपघात की घातपात, याचा उलगडा आजवर झालेला नाही.

रिक्षावालं इंजिन समुद्रात

ही माहिती खास आपल्या औद्योगिक वसाहतीसाठी. मालवाहू तीनचाकीत धडधडणारी ग्रीव्हजची एक सिलिंडरची डिझेल इंजिनं वर्षानुवर्षे याच शहरात तयार होत आली. ग्रीव्हज-लोंबार्डिनीच्या त्याच जातकुळीची इंजिनं आंध्र-तमिळनाडूच्या किनाऱ्यावर लहान होड्यांत जाऊन बसली. रस्त्यावर ज्याने कोबीची पोती ओढली, त्याच्याच भाऊबंदाने समुद्रात जाळी ओढली. इंजिनातून लांब दांडा काढायचा, त्याच्या टोकाला पंखा बसवायचा; वाळूवर होडी चढवायची वेळ आली की दांडा वर उचलायचा. थायलंडमध्ये तर मोटारी-ट्रकची जुनी इंजिनं अशाच लांब दांड्यावर होड्या पळवतात. डिझेलवाल्यांचा युक्तिवाद इथे खरा दमदार होतो: बिघाड झाला तर दुरुस्तीला मिस्त्री शोधावा लागत नाही, निम्मी गल्लीच मिस्त्री आहे.

मग डिझेल का नाही? उचलून बघा

पेट्रोल इंजिन मिश्रण साधारण नऊ-दहा पट दाबतं आणि प्लगच्या ठिणगीने पेटवतं. डिझेलमध्ये ठिणगीच नाही; हवा सोळा-वीस पट दाबून इतकी तापवायची की फवारलेलं इंधन आपोआप भडकतं. एवढा दाब सोसायचा म्हणजे भिंती जाड, दांडे जाड, आणि किंमतही जाड. ब्रिटनच्या कॉक्स कंपनीने 300 अश्वशक्तीचं डिझेल आउटबोर्ड काढलं, त्याचं वजन 390 किलोंच्या आसपास. तेवढ्याच ताकदीची पेट्रोल आउटबोर्ड त्याहून शंभर-दीडशे किलोंनी हलकी असतात. एवढं जड इंजिन घेतं कोण? आरमारं घेतात, कारण त्यांना जहाजावर पेट्रोलचा थेंबही नको असतो.

लिटरमागे डिझेलमध्ये ऊर्जा दहाएक टक्के जास्त, आणि ती वापरण्यातही हे इंजिन काटकसरी. हा फायदा नाकारण्यात अर्थ नाही. पण तो वसूल व्हायला तास लागतात, आणि सगळा हिशेब तिथे फिरतो. वर्षातले तीस रविवार धरा, दर खेपेला तीन तास: झाले 90 तास. खोल समुद्रात आठवडाभर राहणारी ट्रॉलर एवढे तास एका खेपेत उडवते. तिच्या मालकाला राज्य सरकारकडून डिझेलवरच्या कराचा परतावाही मिळतो. हौशी गळवाल्याला परतावा मिळतो तो फक्त बायकोकडून, तोही शब्दांत.

उभ्या इंजिनाचे शत्रू

हौसेची होडी चालण्यापेक्षा उभीच जास्त असते, आणि उभं राहणं दोघांनाही मानवत नाही. आजच्या पेट्रोलमध्ये 20 टक्के इथेनॉल. इथेनॉलला पाण्याचं भारी वेड. हवेतला ओलावा ओढून घेतं, आणि पाणी फार झालं की पाणी-इथेनॉलचा थर वेगळा होऊन टाकीच्या तळाशी बसतो. नेमकी तिथेच इंजिनाची नळी असते. डिझेलचा शत्रू तर जिवंत आहे: डिझेल आणि तळाचं पाणी जिथे भेटतात तिथे बुरशी वाढते आणि फिल्टरमध्ये काळा चिखल होऊन अडकते. इंधन खाऊन जगणारी बुरशी! निसर्गाने काहीच वाया जाऊ द्यायचं नाही असं ठरवलेलं दिसतं.

पेट्रोलवाल्याकडे इथे एक हुकमी पान आहे. छोट्या आउटबोर्डची टाकी सुटी, हातात धरून नेण्याजोगी. रविवारचं उरलेलं पेट्रोल ताजं असतानाच सोमवारी पल्सरमध्ये ओता आणि पहिल्या पाळीला जा. उरलेल्या डिझेलचं काय करणार? शेजाऱ्याचा ट्रॅक्टर शोधणार.

उरलेलं पेट्रोल असं गाडीत ओतणं जमतं फक्त फोर-स्ट्रोकला, कारण जुन्या टू-स्ट्रोकच्या पेट्रोलमध्ये ऑइल मिसळावं लागायचं. चेतकवाल्यांना सांगायला नको. तसं जुनं टू-स्ट्रोक आउटबोर्ड जवळपास चौथाई इंधन न जाळताच पाण्यात सोडून देतं. वाळूजच्या वसाहतीला पाणी जायकवाडीचंच, म्हणजे याच नाथसागराचं, तेव्हा स्वस्तात मिळतंय म्हणून जुनं टू-स्ट्रोक घ्यायचं ठरलं, तर ते पेट्रोल आपल्याच नळाकडे निघालं म्हणून समजा.

बळीचा धातू

कुठलंही इंजिन घ्या, पाण्यात बुडणाऱ्या भागाला एक ‘बळीचा’ तुकडा लावावा लागतो. गंज आधी त्याला खातो, इंजिन वाचतं. समुद्रात जस्त, गोड्या पाण्यात मॅग्नेशियम. नाथसागरात जस्त लावलंत तर ते सुस्त बसून राहील. तुमच्या गीझरमध्येही बहुधा मॅग्नेशियमची कांडी गपचूप झिजत असेल. ही युक्ती 1824 ची, हम्फ्री डेव्हीची. त्याने ब्रिटिश आरमाराच्या जहाजांचा तांब्याचा पत्रा वाचवला खरा, पण पाण्यात उतरणारं तांबंच शंख-शिंपल्यांना दूर ठेवत होतं. तांबं झिजायचं थांबलं आणि जहाजांच्या बुडाला शिंपल्यांची गर्दी झाली.

रेंगाळायचंय की पोचायचंय?

गळ ओढत फिरायचं तर होडी रेंगाळत चालवावी लागते. डिझेलला तासन् तास बिनओझ्याचं घुटमळणं आवडत नाही. आत काजळी धरते. पेट्रोललाही हे फार रुचत नाही, पण ते कुरकुर कमी करतं. लेखक हेमिंग्वेने 1934 मध्ये ‘पिलार’ होडी घेतली तेव्हा त्यावर तोडगा काढला: पोचायला 75 अश्वशक्तीचं क्रायस्लर, रेंगाळायला 40 चं लायकमिंग. दोन्ही पेट्रोलची.

आपल्याला दोनाची गरज नाही. चार माणसं, एक हलकी फायबरची होडी, दहाच्या आसपास अश्वशक्तीचं फोर-स्ट्रोक पेट्रोल आउटबोर्ड, आणि वल्ही तरीही सोबत. फक्त बुकिंगची रक्कम भरण्याआधी दोन कागद बघून घ्या. नाथसागर 1986 पासून पक्षी अभयारण्य आहे, म्हणजे पहिली चौकशी वन विभागाकडे. आणि 2021 च्या अंतर्देशीय जलयान कायद्याखाली यंत्रावर चालणाऱ्या होडीला नोंदणी आणि तपासणी लागते, पेट्रोल असो वा डिझेल.