बालवयातील पहिली शिकार

बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या कन्या इंदिराराजे कुचबिहारच्या महाराणी झाल्या. त्यांची मुलगी गायत्रीदेवी हिने वयाच्या १२ व्या वर्षी आपला पहिला बिबळ्या मारला. आज ही गोष्ट ऐकून मन दचकते. त्या घराण्यात मात्र शिकार हे शिक्षणाचेच अंग होते. गायत्रीदेवींचे आजोबा नृपेंद्रनारायण यांनी तर आपल्या ३७ वर्षांच्या शिकारीवर १९०८ साली ग्रंथच प्रसिद्ध केला.

तेथील शिकार हत्तींवरून चाले. गवत माणसाहून उंच. पायी जाणाऱ्यास चार हातांपलीकडचे दिसावयाचे नाही. म्हणून हत्तींची रांग गवत तुडवीत जनावर पुढे हाकीत नेई, आणि बंदूकवाले पलीकडे हौद्यांत वाट पाहत बसत. अशा ठिकाणी मूल न्यावयाचे तर शेजारी जाणता शिकारी हवाच. नेम धरणे हा शिकवणीचा सोपा भाग. गवताचा शेंडा हलला म्हणून बार काढावयाचा नाही. हाक्याच्या रांगेकडे तर मुळीच नाही, कारण त्या गवतामागे माहूत आहेत. इतका वेळ हात आवरून बसणे थोरांनाही जड जाते! शिवाय जनावर जखमी होऊन निसटले, तर त्याचा माग काढून त्याच्या यातना संपविल्याखेरीज परतणे नाही. आपल्या चुकलेल्या नेमाचे फळ मुलाने तेथेच डोळ्यांनी पाहावयाचे.

त्याच टापूतील जलदापाड्याचे रान १९४१ साली गेंड्यांसाठी राखले गेले. पुढे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने अशा शिकारीचा मार्गच बंद झाला.