आईवडिलांच्या कर्जावर लादलेला विमा : परतावा कसा मागावा?



घरदुरुस्ती, मुलीचे लग्न, गणेशमूर्तींचा कारखाना किंवा लहानसे दुकान यांसाठी वडीलधारी माणसे कर्ज काढतात आणि काही महिन्यांनी मुलाच्या ध्यानात येते की, मंजूर रकमेतून काही हजार रुपये आधीच वजा झालेले आहेत. शाखेत विचारणा केली असता उत्तर मिळते, ‘तो कर्जसुरक्षा विमा आहे, सर्वांनाच घ्यावा लागतो.’ पेण व रोहे परिसरातील आपल्या कुटुंबांना हे वाक्य अपरिचित नाही. ते कितपत खरे आहे आणि फसवणूक झाली असल्यास काय करावे, याचा येथे विचार करू.

मुळात हा विमा वाईट नव्हे. कर्ता पुरुष अकाली गेला तर विमा कंपनी उरलेले कर्ज फेडते आणि विधवेच्या डोक्यावरचे छप्पर वाचते. दोष विक्रीच्या पद्धतीत आहे. हप्ता बहुधा एकरकमी असतो आणि तो कर्जातच मिळवला जातो; म्हणजे विम्याच्या हप्त्यावरही व्याज चढते. उदाहरणादाखल, ४०,००० रुपयांचा हप्ता १० टक्के व्याजाच्या दहा वर्षांच्या कर्जात मिळवला, तर महिन्याला सुमारे ५२९ रुपये, म्हणजे एकूण ६३,००० रुपयांहून अधिक भरावे लागतात. त्यातच मधुमेह किंवा हृदयविकार असलेल्या वृद्धाकडून, काहीही न विचारता, ‘माझी प्रकृती उत्तम आहे’ अशा मजकुरावर सही घेतलेली असते. पुढे दुर्दैवाने मृत्यू ओढवलाच, तर हाच कागद दावा नाकारण्याचे निमित्त ठरू शकतो.

कायदा काय सांगतो? कर्ज हवे असेल तर आमच्याच कंपनीचा विमा घ्या, अशी सक्ती बँकेला करता येत नाही. रिझर्व्ह बँकेने २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्राहक हक्कांच्या सनदेत प्रामाणिक व्यवहाराचा आणि ग्राहकाच्या गरजेला साजेशीच योजना मिळण्याचा हक्क स्पष्टपणे नमूद आहे. १ ऑक्टोबर २०२४ पासून बँकांनी नव्या किरकोळ कर्जासोबत मुख्य तथ्यांचे एक विवरणपत्र देणे बंधनकारक झाले. कर्जदाराकडून वसूल होणारा विम्याचा खर्च वार्षिक दरात धरून त्यात दाखवावा लागतो. जो आकार त्यात नाही, तो कर्जदाराच्या स्पष्ट संमतीवाचून घेता येत नाही. वडिलांच्या फाइलमधून सर्वप्रथम हा कागद काढावा. (रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर चिंतामणराव देशमुख यांचे बालपण रोह्यात गेले, हे रोहेकरांना सांगायला नकोच!)

ब्रिटनमध्ये अशाच विम्याने मोठे वादळ उठवले. तेथील बँकांची बाजू २०११ मध्ये उच्च न्यायालयाने फेटाळली. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे आलेल्या एका प्रकरणात तर हप्त्यातील जवळजवळ ७२ टक्के रक्कम दलालीतच गेल्याचे उघड झाले होते. ऑगस्ट २०१९ मध्ये दाव्यांची मुदत संपली. ग्राहकांना परत मिळालेली एकूण रक्कम ३८ अब्ज पौंडांहून अधिक आहे. ज्यांनी मागितले, त्यांना मिळाले.

आपल्याकडे मागण्याचेच धाडस होत नाही. २०१० मध्ये पेण अर्बन बँकेवर निर्बंध आले आणि ठेवीदारांची आयुष्यभराची पुंजी अडकली. तो विषय वेगळा असला तरी त्या अनुभवानंतर ‘बँकेशी वाद नको’ ही भीती पेणच्या वडीलधाऱ्यांच्या मनात असल्यास नवल नाही. येथे मुलांनी पुढे व्हावे. मार्क लिखित शुभवर्तमानाच्या सातव्या अध्यायात, ‘कुर्बान’ म्हणून आईवडिलांची मदत टाळणाऱ्यांना प्रभू येशूने खडे बोल सुनावले आहेत. चौथ्या आज्ञेतील सन्मान हा असा कागदपत्रांच्या फायलीपर्यंत पोहोचतो.

प्रथम वडिलांशी शांतपणे बोलावे. त्यांना काय सांगितले गेले, सही कोठे घेतली, प्रकृतीविषयी कोणी विचारले का, हे त्यांच्याच शब्दांत टिपून ठेवावे. त्यांना मूर्खात काढू नये. त्यांनी समजूनउमजून विमा घेतला असेल, तर ‘सक्ती झाली’ असे लिहिणे ही खोटी साक्ष होईल; आठवी आज्ञा बँकेप्रमाणेच आपल्यालाही लागू आहे. तसेच, वडिलांच्या मागे हप्ते भरणारे कोणी नसेल आणि विमा वैध असेल, तर तो रद्द करण्यापूर्वी दोनदा विचार करावा.

त्यानंतर कर्ज मंजुरीचे पत्र, कर्जखात्याचा उतारा, विम्याचे प्रमाणपत्र आणि सही केलेल्या प्रस्ताव अर्जाची प्रत गोळा करावी. प्रत मिळत नसेल तर लेखी मागावी. आयुर्विम्याचे विमापत्र हाती आल्यापासून ३० दिवसांत ते कारण न देताही परत करता येते. जोखमीच्या काळाचा हिस्सा, मुद्रांक शुल्क व वैद्यकीय तपासणीचा खर्च वजा होऊन पैसे परत मिळतात. ही मुदत उलटली असली तरी सारे संपले असे नाही. वडिलांच्या सहीने बँकेला आणि विमा कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला, अशी दोन पत्रे द्यावीत आणि दोन्हींवर पोच घ्यावी. पोच नसलेले पत्र दिले न दिल्यासारखेच.

बँकेने ३० दिवसांत उत्तर दिले नाही किंवा दिलेले उत्तर पटले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनाशुल्क तक्रार करता येते. विमा कंपनीविरुद्ध ‘बिमा भरोसा’ या सरकारी संकेतस्थळावर किंवा १५५२५५ या क्रमांकावर तक्रार नोंदवावी. विमा लोकपालाकडे जायचे असेल तर कंपनीच्या नकारानंतर एका वर्षाच्या आत जावे. पतसंस्थेचे कर्ज असल्यास मात्र रिझर्व्ह बँकेचा उपयोग नाही; ती तक्रार सहकार खात्याच्या निबंधकाकडे करावी. शेवटचा मार्ग म्हणजे अलिबाग येथील जिल्हा ग्राहक आयोग. तेथे दोन वर्षांच्या आत तक्रार करावी लागते, पाच लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही आणि वकीलही अनिवार्य नाही.

सध्या ‘तुमच्या विम्याचे पैसे मंजूर झाले, आधी कर भरा’ असे फोन येतात. विमा नियामक किंवा रिझर्व्ह बँक असे फोन करीत नाही. एकही रुपया भरू नये आणि ओटीपी सांगू नये.

आणखी एक बाब सहसा कोणी सांगत नाही. वडिलांनी कर्ज मुदतीपूर्वी फेडले असेल, तर एकरकमी हप्त्याच्या विम्याची उरलेली मुदत शिल्लक असते. तो विमा तसाच चालू ठेवता येतो किंवा बंद करून योजनेच्या अटींनुसार उर्वरित रक्कम मागता येते. ती आपोआप खात्यात जमा होईल या भरवशावर राहू नये. कर्ज फिटल्याच्या दाखल्याची प्रत जोडून विमा कंपनीकडे लेखी अर्ज करावा.