संपानंतरचा कर्ता पुरुष

मुंबईच्या गिरणगावात, म्हणजे लालबाग, परळ, वरळी या पट्ट्यात, ‘कर्ता पुरुष’ म्हणजे कापड गिरणीतला कामगार असे. कोकण-घाटावरून आलेले अनेक जण गावी कुटुंब ठेवून चाळीतल्या एका खोलीत पाळीपाळीने झोपत, खानावळीत जेवत आणि महिन्याला गावी मनीऑर्डर करत. घरातला मान त्या मनीऑर्डरीला आणि गिरणीच्या कायम नोकरीला बांधलेला असे.

18 जानेवारी 1982 रोजी कामगार नेते डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. संप लांबला आणि असंख्य कामगारांची नोकरी कायमची गेली. साच्यावरचे, म्हणजे मागावरचे, कसब बाहेर फारसे उपयोगी पडत नव्हते. कुणी रखवालदार झाला, कुणी हातगाडीवर भाजी विकू लागला, कुणी गावी परतला. अनेक घरांत पोळीभाजीचे डबे, शिवणकाम, धुणीभांडी करून बायकांनी संसार ओढला.

कमाई गेली, तरी ‘कमावतो तो कर्ता’ ही समजूत गेली नाही. त्यामुळे बेकारीची लाजही वाट्याला आली. गिरणीच्या भोंग्यावर बांधलेला दिवस मोकळा पडला, बरोबरीचे पांगले. दुखणे बोलून दाखवण्याची सवय नव्हतीच. काही जण दारूकडे वळले. घरकामात हात घालणारेही होते, पण त्याला ‘काम’ म्हणण्याची रीत नव्हती.

आणि 1982 चा तो संप औपचारिकरीत्या कधीच मागे घेतला गेला नाही.