स्विंडन: दोन दिवसांचा बेत

लंडनच्या पॅडिंग्टनहून जलद गाडीने साधारण तासाभरात स्विंडन येतं. दिसायला गाव साधंच. पण ग्रेट वेस्टर्न रेल्वेचा इंजिन-कारखाना इथे १८४३ ते १९८६ चालला. ब्रिटिश रेल्वेचं शेवटचं वाफेचं इंजिन ‘ईव्हनिंग स्टार’ १९६० मध्ये इथेच बनलं.

कारखान्याच्या जुन्या इमारतीत आता ‘स्टीम’ संग्रहालय आहे. अर्धा दिवस त्यालाच द्या. इंजिनांइतकंच ओतकाम आणि बॉयलरचं काम करणाऱ्या कामगारांचं जगही तिथे मांडलंय. शेजारच्या शेडमध्ये ब्रँडेड कपड्यांचा मॉल. खरेदी नसली तरी आत टांगलेलं जुनं यंत्रसाहित्य पाहायला डोकवावं. रुळांखालच्या बोगद्यातून पलीकडे गेलात की कामगारांसाठी बांधलेली दगडी घरांची वसाहत लागते. पगारातून वर्गणी कापून औषधोपचार देणारा वैद्यकीय निधी इथे १८४७ मध्ये सुरू झाला. १९४८ च्या राष्ट्रीय आरोग्यसेवेचं बीज अनेकजण त्यात पाहतात. माझ्या मते गावातली सर्वांत मोलाची गोष्ट ही, पण पर्यटक इथे फार थांबत नाहीत.

दुसऱ्या दिवशी बसने एव्हबरीला जा, पाच हजार वर्षांच्या आसपासचं भव्य शिळावर्तुळ पाहायला. स्टोनहेंजसारखा इथे दोर आडवा येत नाही, शिळांना हात लावता येतो. परतीच्या बसची वेळ मात्र आधी पाहून ठेवा.

गाडी भाड्याने घेतलीच तर ‘मॅजिक राउंडअबाउट’ला सांभाळून: एका मोठ्या चक्राभोवती पाच छोटी चक्रं!