सगळं हातातून निसटत असताना ‘देवावर भरवसा’ म्हणजे नेमकं काय? ख्रिस्ती श्रद्धा काय सांगते, समजून घ्या

१८७४ ते १८८२. या आठ वर्षांत एका तरुणीने वडील, आई, थोरली बहीण, भाऊ आणि नवरा अशी पाच माणसं गमावली. आई-वडील आणि बहीण दुष्काळाच्या दिवसांत उपासमारीने खंगून गेले. नवऱ्याला कॉलराने नेलं. तिच्याकडे उरली ती एक तान्ही मुलगी.

ही तरुणी म्हणजे पंडिता रमाबाई. शाळेच्या पुस्तकात त्यांची ओळख ‘समाजसुधारक’ अशी असते. त्या विदुषी होत्या, त्यांनी विधवांसाठी शारदा सदन काढलं, हेही आपल्याला माहीत असतं. पण १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या रमाबाई स्वतः आपल्या कामामागचं बळ विचारल्यावर एकच गोष्ट सांगायच्या, देवावरचा भरवसा.

आता प्रश्न असा पडतो की, इतकं सगळं हिरावल्यावर भरवसा टिकतो कसा? आणि ‘देवावर भरवसा ठेव’ हे वाक्य संकटातल्या माणसाला खरंच आधार देतं, की त्याचं दुःख झाकायला वापरलं जातं?

दोन्ही होतं. म्हणूनच ही कल्पना नीट समजून घ्यायला हवी.

आधी शब्दाचा अर्थ बघू

मराठीत आपण म्हणतो, ‘असेल माझा हरी, तर देईल खाटल्यावरी’. हात-पाय न हलवता देवावर हवाला ठेवणाऱ्या माणसाला मारलेला हा टोमणा आहे. ख्रिस्ती माणूस ‘देवावर भरवसा ठेवतो’ म्हणतो, तेव्हा बाहेरच्याला अनेकदा हीच म्हण आठवते.

पण बायबलमधले मूळ शब्द वेगळं काही सांगतात. जुना करार मुख्यतः हिब्रू भाषेत आहे. त्यात यासाठी ‘एमुना’ हा शब्द येतो. त्याचा अर्थ ठामपणा, भरवशाचं असणं. प्रार्थनेच्या शेवटी म्हटला जाणारा ‘आमेन’ हा शब्दही त्याच धातूपासून आलाय. नवा करार ग्रीकमध्ये आहे आणि तिथला शब्द आहे ‘पिस्तिस’. त्यात विश्वास आणि निष्ठा असे दोन्ही अर्थ येतात.

म्हणजे ‘माझं सगळं चांगलंच होणार’ अशी खात्री बाळगणं हा या शब्दांचा मुख्य अर्थ नाही. एखाद्या नात्याला धरून राहणं, तेही परिस्थिती उलटी असताना, हा अर्थ जास्त जवळचा आहे. लग्न, मैत्री यांतली निष्ठा जशी असते, तशी.

बायबलमध्ये तक्रारीला जागा आहे का?

आहे, आणि भरपूर आहे. अनेकांना वाटतं की देवावर भरवसा म्हणजे तोंडातून तक्रारीचा शब्दही काढायचा नाही. बायबल वाचलं तर हा समज टिकत नाही.

‘ईयोब’ नावाचं एक पूर्ण पुस्तक याच विषयावर आहे. ईयोब हा सज्जन माणूस. एका फटक्यात त्याची संपत्ती जाते, दहा मुलं मरतात, अंगभर फोड उठतात. त्याचे तीन मित्र भेटायला येतात. पहिले सात दिवस ते त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसून राहतात. नंतर बोलायला लागतात आणि तिथेच गडबड होते. त्यांचं म्हणणं एकच, तू काहीतरी पाप केलं असणार, त्याशिवाय असं होत नाही.

ईयोब हे मान्य करत नाही. तो देवालाच जाब विचारतो. आणि पुस्तकाच्या शेवटी देव कुणावर रागावतो? मित्रांवर. प्रश्न विचारणाऱ्या ईयोबाने योग्य बोलणं केलं, असा निवाडा देव देतो. मात्र हे सगळं का घडलं, याचं सरळ उत्तर ईयोबाला मिळत नाही.

‘स्तोत्रसंहिता’ या पुस्तकात १५० स्तोत्रं आहेत. त्यांतली कितीतरी विलापाची आहेत. बहुतेक विलाप शेवटी आशेकडे वळतात, पण ८८ वं स्तोत्र तर अंधारातच संपतं. तरीही ते पवित्र ग्रंथात ठेवलं गेलं.

आणि सगळ्यात मोठं उदाहरण खुद्द येशूचं. अटक होण्याच्या रात्री गेथशेमाने बागेत तो प्रार्थना करतो की शक्य असेल तर हे दुःख टळू दे. ते टळत नाही. क्रूसावर तो देवाला विचारतो की तू मला का सोडलंस? ज्याला ख्रिस्ती लोक देवाचा पुत्र मानतात, त्यानेच हा प्रश्न विचारलाय. त्यामुळे दुःखात ‘का?’ असं ओरडणं हा विश्वासाचा अभाव आहे, असं ख्रिस्ती परंपरेला म्हणता येत नाही.

मग देवाचं सामर्थ्य कुठे गेलं?

हा प्रश्न जुना आहे. देव सर्वशक्तिमान आहे आणि चांगलाही आहे, तर मग तो संकट थांबवत का नाही?

१ नोव्हेंबर १७५५ ला पोर्तुगालच्या लिस्बन शहरात मोठा भूकंप झाला. तो दिवस होता सर्व संतांच्या सणाचा. लोक चर्चमध्ये प्रार्थना करत होते आणि चर्च त्यांच्या अंगावर कोसळले. ‘जे होतं ते भल्यासाठीच होतं’ या विचाराला यानंतर युरोपात मोठा धक्का बसला. व्हॉल्तेअरने १७५९ च्या ‘कांदीद’ या पुस्तकात या विचाराची यथेच्छ खिल्ली उडवली.

ख्रिस्ती विचारवंतांनी याची अनेक उत्तरं दिली. कुणी माणसाच्या स्वातंत्र्याकडे बोट दाखवलं, कुणी दुःखातून माणूस घडतो असं म्हटलं. पण ही उत्तरं पुस्तकात जितकी पटतात, तितकी घरात मृत्यू झाल्यावर पटतात का?

इंग्लिश लेखक सी. एस. लुईस यांनी १९४० मध्ये दुःखाच्या प्रश्नावर तर्कशुद्ध पुस्तक लिहिलं. १९६० मध्ये त्यांची पत्नी जॉय कॅन्सरने गेली. त्यानंतर त्यांनी आपल्या शोकाच्या नोंदी केल्या. १९६१ मध्ये त्या छापल्या, तेव्हा लेखक म्हणून टोपणनाव वापरलं. या दुसऱ्या पुस्तकात देवावरचा राग आहे, शंका आहेत. लुईस यांनी श्रद्धा सोडली नाही, पण आधीची नीटनेटकी उत्तरं त्यांना पुरली नाहीत.

म्हणून बरेच ख्रिस्ती लोक सामर्थ्याकडे वेगळ्या नजरेने बघतात. संत पौलाच्या पत्रात एक प्रसंग आहे. त्याला एक त्रास आहे, त्याला तो शरीरातला काटा म्हणतो. तो जावा म्हणून पौल तीनदा प्रार्थना करतो. काटा जात नाही. मिळतं ते एवढंच आश्वासन, की देवाची कृपा पुरेशी आहे आणि त्याचं सामर्थ्य दुर्बळपणातच दिसून येतं.

ख्रिस्ती श्रद्धेचा गाभा इथे आहे. देव दुःखाच्या बाहेर उभा राहून हुकूम सोडत नाही, तो क्रूसावर स्वतः दुःखात उतरला आणि पुनरुत्थानामुळे शेवटचा शब्द मृत्यूचा नाही, असं ही श्रद्धा सांगते. पटो वा न पटो, ‘देव सगळं ठीक करेल’ यापेक्षा हे म्हणणं बरंच वेगळं आहे.

केडगावात हा भरवसा कसा दिसला?

पुन्हा रमाबाईंकडे येऊ. त्यांनी १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन सुरू केलं आणि पुढच्या वर्षी ते पुण्याला नेलं. मुलींवर ख्रिस्ती धर्माचा प्रभाव पडतोय म्हणून १८९३ च्या सुमारास मोठा वाद झाला. ‘केसरी’ने टीकेची झोड उठवली आणि अनेक पालकांनी मुली काढून घेतल्या.

त्यातून सावरत असतानाच १८९६-९७ चा दुष्काळ आला. ज्या भुकेने त्यांचं घर संपवलं होतं, तीच भूक समोर उभी होती. रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि शेकडो मुली-बायकांना घेऊन आल्या. त्यांच्यासाठी दौंडजवळच्या केडगावात ‘मुक्ती’ उभं राहिलं. १९०० च्या गुजरातच्या दुष्काळानंतर तिथली संख्या दोन हजारांच्या घरात गेली.

रमाबाई तासन् तास प्रार्थना करत. पैशासाठी देवावर विसंबणाऱ्या, ब्रिस्टलला अनाथालय चालवणाऱ्या जॉर्ज म्युलर यांचा त्यांच्यावर प्रभाव होता. पण त्याच रमाबाईंनी केडगावात विहिरी खोदून घेतल्या आणि फळबाग लावली. अमेरिकेतून मिळणारी दहा वर्षांची मदत १८९८ मध्ये संपणार होती आणि त्यानंतर बागेतून उत्पन्न मिळावं असा त्यांचा हिशोब होता. मुलींना विणकाम, छपाई, शेती शिकवली. अंध मुलींसाठी ब्रेलची सोय केली.

आणखी एक गोष्ट. १८९७ मध्ये पुण्यात प्लेगची साथ होती. सरकारी प्लेग व्यवस्थेत बायकांना मिळणाऱ्या वागणुकीबद्दल त्यांनी ‘बॉम्बे गार्डियन’मध्ये जाहीर पत्र लिहिलं. सरकारने आरोप फेटाळले, पण त्या गप्प बसल्या नाहीत. इंग्लंडमधल्या धर्मगुरूंशीही त्यांचे सिद्धांतावरून खटके उडाले होते. देवावर भरवसा म्हणजे सत्तेपुढे किंवा चर्चपुढे मान खाली घालणं, असा अर्थ त्यांनी कधीच घेतला नाही.

१९२१ मध्ये त्यांची एकुलती एक मुलगी मनोरमा गेली. रमाबाई तेव्हा बायबलच्या मराठी भाषांतराचं काम करत होत्या. ते त्यांनी पुढे चालूच ठेवलं आणि ५ एप्रिल १९२२ ला त्यांचं निधन झालं.

प्रार्थनेने संकट टळतं का?

यावर अभ्यास झालेत. सगळ्यात गाजलेला अभ्यास अमेरिकेत झाला, २००६ मध्ये तो प्रसिद्ध झाला. त्यात बायपास ऑपरेशन झालेले १,८०२ रुग्ण होते. काहींसाठी अनोळखी लोकांनी प्रार्थना केली, काहींसाठी नाही. दोन्ही गटांतल्या रुग्णांना आपण कोणत्या गटात आहोत, हे माहीत नव्हतं. निकाल जवळपास सारखाच आला. प्रार्थना झालेल्यांपैकी ५२ टक्के आणि न झालेल्यांपैकी ५१ टक्के लोकांना ऑपरेशननंतर गुंतागुंत झाली. ‘आपल्यासाठी नक्की प्रार्थना होतेय’ हे ज्यांना सांगितलं होतं, त्या तिसऱ्या गटात हे प्रमाण ५९ टक्के होतं.

देव आहे की नाही, हा प्रश्न अशा अभ्यासाने सुटत नाही. पण प्रार्थना म्हणजे बटण दाबलं की दिवा लागतो, असं मानणाऱ्यांना हे आकडे आधार देत नाहीत. आणि गेथशेमाने बागेची गोष्ट माहीत असलेल्या ख्रिस्ती माणसाला याचं फार आश्चर्यही वाटू नये.

भरवसा कधी घातक ठरतो?

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ केनेथ पर्गामेंट यांनी संकटात माणसं धर्माचा वापर कसा करतात, याचा अनेक वर्षं अभ्यास केला. त्यांनी तीन पद्धती सांगितल्या. पहिली, देवाने बुद्धी दिलीय, आता माझं मी बघतो. दुसरी, सगळं देवावर सोडून मी बसतो. तिसरी, देव आणि मी मिळून यातून वाट काढू. रमाबाईंची पद्धत तिसरी म्हणता येईल.

त्यांच्या चमूने २००१ मध्ये ५५ वर्षांवरच्या ५९६ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. देवाने आपल्याला टाकलं, त्याचं आपल्यावर प्रेम नाही, असं वाटणाऱ्या रुग्णांमध्ये पुढच्या दोन वर्षांत मृत्यूचा धोका जास्त दिसला. यातून कारण सिद्ध होत नाही, फक्त संबंध दिसतो. पण आजारी माणसाला ‘तुझाच विश्वास कमी पडला’ असं सांगणं किती जड जाऊ शकतं, याचा अंदाज यावरून येतो.

म्हणून हे इशारे ओळखा:

- ‘औषध बंद कर, नुसती प्रार्थना पुरे’ असं कुणी सांगत असेल.
- ‘इतकं दान दे, म्हणजे कर्ज फिटेल’ असा सौदा कुणी मांडत असेल.
- घरात मारहाण होत असताना ‘सहन कर, हाच तुझा क्रूस’ असं कुणी म्हणत असेल.

पहिल्या मुद्द्याला तर ख्रिस्ती इतिहासच उत्तर देतो. मिरजेचं मिशन हॉस्पिटल डॉ. विल्यम वॉनलेस यांनी १८९४ मध्ये सुरू केलं. वेल्लोरचं काम डॉ. आयडा स्कडर यांनी १९०० मध्ये सुरू केलं. हे दोघे प्रार्थनाही करायचे आणि ऑपरेशनही. एक केलं म्हणून दुसरं सोडावं, असं त्यांना वाटलं नाही.

जवळचं कुणी संकटात असेल तर?

तुम्ही ख्रिस्ती असा किंवा नसा, ईयोबाच्या मित्रांकडून एक गोष्ट शिकता येते. त्यांनी केलेलं सगळ्यात चांगलं काम म्हणजे पहिले सात दिवस गप्प बसून राहणं. बिघडलं ते कारणं सांगायला लागल्यावर.

त्यामुळे ‘देवाची काहीतरी योजना असेल’ असं लगेच म्हणू नका. ते वाक्य दुःखातल्या माणसाने स्वतः म्हटलं तर त्याला आधार वाटू शकतो, दुसऱ्याने म्हटलं तर टोचू शकतं. त्यापेक्षा डबा घेऊन जा. दवाखान्यात रात्री थांबायला कुणी आहे का, विचारा. त्याला रडू द्या, देवावर चिडू द्या. प्रार्थना करू का, हे विचारून मगच करा.

आणि संकट तुमच्यावरच आलं असेल, झोप उडाली असेल, जगण्यात अर्थ नाही असं वाटत असेल, तर प्रार्थनेसोबत डॉक्टरांशी किंवा समुपदेशकाशीही बोला. टेली-मानस ही सरकारी हेल्पलाइन १४४१६ या क्रमांकावर २४ तास मोफत आहे. मदत मागितली म्हणून कुणाचा देवावरचा भरवसा कमी ठरत नाही.