लगोरी आणि सातांचा पाढा

शिक्षक बंधुभगिनींनो, आणि संध्याकाळी ओटीवर मुलांकडून पाढे म्हणवून घेणाऱ्या वडीलधाऱ्यांनो,

आचोळ्यातल्या एखाद्या शाळेवरून जाताना पाढ्यांचा सूर कानी पडला, तर आपल्याला बरं वाटतं. पण त्यातल्या एका मुलाला एकटं उभं करा आणि विचारा, “सात सक किती?” ते बोटं मोजत “सात एके सात” पासून चढू लागेल. म्हणजे पाढा चालीत आहे, पण हाताशी नाही. त्यातून आचोळे आता नालासोपाऱ्याच्या दाट वस्तीत मिसळून गेले आहे. काही मुलांच्या घरी मराठी बोलत नाहीत. त्यांना ‘बेचाळीस’ हा शब्दच नवा. असं मूल नुसते ओठ हलवतं आणि दुसऱ्याच्या आवाजाआड लपतं. ही सवय जडली, की पुढे भागाकार आणि अपूर्णांक दोन्ही अडतात.

तेव्हा आधी ओझं हलकं करू या. एक ते दहाच्या पाढ्यांत १०० गुणाकार आहेत. चिंचोक्यांच्या सहा ओळी मांडा, ओळीत सात-सात. आता बाजूने बघा: सात ओळी, सहा-सहाच्या. सहा साती आणि सात सक एकच! अशा जोड्या एक धरल्या, तर ५५ उरतात. त्यांतून एक, दोन, पाच आणि दहाचे सोपे गुणाकार वगळले, की अवघे २१ राहतात. ते २१ चिठ्ठ्यांवर लिहा.

आता खेळ. वर्गाचे चार संघ करा. संघात जितकी मुलं, तितक्याच लगोरीच्या ठिकऱ्या. पाळीपाळीने मुलाने चिठ्ठी उचलावी, उत्तर द्यावं आणि आपली ठिकरी रचावी. अडलं तर सोबत्यांनी उत्तर सांगायचं नाही. जवळची पायरी मात्र दाखवायची. “सात पाचा पस्तीस. आता आणखी एक सात?” तरीही चुकलं, तर चिंचोके मांडून पाहावं आणि पुढच्या पाळीत पुन्हा यावं. चारही लगोऱ्या उभ्या राहिल्या, की चिंध्यांच्या चेंडूने एकमेकांच्या फोडाव्यात!

यातली मेख लक्षात घ्या. प्रत्येकाची ठिकरी पडल्याशिवाय लगोरी पुरी होत नाही. हुशार मुलाला दोन ठिकऱ्या नाहीत, म्हणून मागे पडलेल्याला शिकवणं हीच संघाची गरज ठरते. घड्याळ मात्र लावू नका. घाई झाली, की लपणारं मूल पुन्हा लपतं.

याला खर्च काहीच नाही. आपल्याच जिल्ह्यात, डहाणू तालुक्यात, ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला आणि पुढे कोसबाडला बालशिक्षणाचं काम उभं केलं. खडे, शिंपले, पानं, बिया हेच त्यांचं शैक्षणिक साहित्य होतं.

सुरातले पाढे सोडू नका. सुराने स्मरण पक्कं होतं. त्याला आठवड्यातून दोनदा पंधरा मिनिटांची ही जोड द्या. आणि सर्वांत शेवटची ठिकरी कोण ठेवतं, तिकडे लक्ष असू द्या. खेळ त्याच मुलासाठी आहे.